मे महिन्यात मालवण? मग पंचांग काढा

प्रश्न: ताई, यांची रजा २२ मेपासून मंजूर होईल असं दिसतंय. आम्ही सहा जण आहोत, त्यात सासूबाई बहात्तर वर्षांच्या. मालवण-तारकर्लीला चार दिवस जायचं घाटतंय. शेवटच्या आठवड्यात गर्दी ओसरते, खोल्याही स्वस्त मिळतात असं ऐकलं. तेव्हाच जावं का? नाशिकचे चाळीस अंश सोसणाऱ्यांना कोकणातलं ऊन काय करणार, असं हे म्हणतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: गर्दी ओसरते हे खरं, पण का ओसरते ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. साधारण २५ मेच्या पुढे बोटींना पावसाळी बंदी लागते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या, डॉल्फिन बघायच्या फेऱ्या, पाण्यातले सगळे खेळ बंद. मग खोली स्वस्त मिळाली तरी करायचं काय?

हे शहाणपण मला पैसे मोजून आलंय. २०२५ साली मी बहिणीच्या कुटुंबासोबत नेमकी २२ मेलाच तारकर्लीशेजारच्या देवबागला पोचले. पाऊस मुंबईत यायची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे आपण निवांत, असा माझा हिशोब. त्या वर्षी मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ला मुंबईत! आम्ही चार दिवस पडवीत बसून मेंढीकोट खेळलो. किल्ला जेट्टीवरून दिसायचा, तोही सर थांबली तर. भाच्याने जाताना विचारलं, “मावशी, समुद्र कधी सुरू होणार?” दरवर्षी असं होईल असं नाही, पण २० मेनंतरची सहल म्हणजे लॉटरीचं तिकीट समजा.

तेव्हा यांना रजा अलीकडे ओढायला सांगा. १ मेला जोडून येणारा शनिवार-रविवारही नको. तेव्हा अख्खा मुंबई-पुण्याचा लोंढा आणि गावी आलेले चाकरमानी एकदमच उतरतात. मालवणच्या बाजारपेठेत गाडी वळवायला अर्धा तास लागतो. माझ्या मते ४ ते १५ मेमधले सोमवार ते गुरुवार बरे. गर्दी तेव्हाही असते, मे महिना आहे शेवटी. पण जेवणाच्या ताटासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही.

आता पंचांग. समुद्रावर संध्याकाळी मुलांना वाळू मिळणार की पाणी, हे तिथीवर ठरतं. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. सव्वासहा तासांनी ओहोटी आणि तेवढ्याच वेळाने परत भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं.

म्हणजे अष्टमीला गेलात तर संध्याकाळी सहाला पाणी वर आलेलं, किनारा चिंचोळा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र भरती दुपारी उरकते आणि साडेपाच-सहाला तारकर्लीची वाळू दूरवर उघडी पडते. मुलांना किल्ले बांधायला तीच वेळ. तसंच देवबागच्या तोंडाशी पाण्यातून वर येणारं वाळूचं बेट, ज्याला तिकडे ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात, ते ओहोटीलाच नीट दिसतं. नावाड्याला आदल्या रात्री वेळ विचारून ठेवा. एक मात्र कटाक्षाने पाळा. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. ओहोटीला तिथली ओढ जबरदस्त असते, त्यातून पौर्णिमा-अमावास्येला तर विचारूच नका.

यजमानांच्या उन्हाबद्दल. मालवणात पारा बहुधा चौतिशीच्या आसपासच असतो, तरी त्रास नाशिकपेक्षा जास्त होतो. नाशिकला घाम येतो आणि वाळतो, म्हणून अंग निवतं. इथली हवाच ओली, घाम जाणार कुठे? सासूबाईंना बारा ते चार बाहेर काढू नका. किल्ला, होडी, बाजार सगळं सकाळी दहाच्या आत उरका. तसंही दुपारी वारा वाढतो आणि होडी जास्त हलते.

खोली ठरवताना एसी आहे का एवढंच विचारून फोन ठेवू नका. मे महिन्यात विहिरीला पाणी किती आहे आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, हे आधी विचारा. पायऱ्या किती तेही, सासूबाईंसाठी.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ४ मेला निघायचं तर ५ मार्चला सकाळी आठला बसावं लागेल. दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटणारी तुतारी एक्सप्रेस घेणार असाल तर तारीख दोनदा वाचा. रविवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट सोमवारचं लागतं. यात फसलेले किमान तीन जण माझ्या नात्यात आहेत. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण तासाभरावर.

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त आहोत, सुट्ट्यांचं बंधन नाही. गर्दीच नको म्हणून जुलैत मालवणला गेलो तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर: जा की! फक्त समुद्र बघायला जा, समुद्रात जायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात सुरमई आली तर ती बर्फातली असणार. खाडीचं काही मिळतंय का विचारा, नाहीतर सरळ कोंबडी-वडे सांगा. आंबोलीत एक मुक्काम ठेवा, पण शनिवार-रविवार टाळून. धबधब्यापाशी तेव्हा भिजलेली माणसंच जास्त दिसतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे सावकाश चालते, म्हणून परतीच्या दिवशी पुण्यात काही ठरवू नका. आणि किल्ल्यात पाऊल टाकायचंच असेल तर डिसेंबर गाठा, नाताळच्या आधीचा.