सेन्सॉरचं ‘यूए’ आणि घरचं ‘चालणार नाही’

वाचकांचे प्रश्न : चित्रपट

प्रश्न : घरात सासूबाई, आम्ही दोघं, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. सासूबाईंना देवाधर्माची चेष्टा खपत नाही. ह्यांना कितीही खून चालतात, पण चुंबन आलं की चुळबूळ सुरू. मुलगी म्हणते, बायकोला मारलेलं बघवत नाही. ‘यूए’ बघूनच तिकिटं काढतो, तरी कुणीतरी मध्येच उठतं. आमचं चुकतं कुठे? (सांगली)

उत्तर : ‘यूए’ जे सांगतच नाही, ते तुम्ही त्यात शोधताय. ते फक्त वयाबद्दल बोलतं. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधीच्या चित्रपटांवर नुसतं ‘यूए’ दिसेल. तिथे १२ वर्षांखालच्या मुलांना नेताना पालकांनी विचार करावा, एवढाच अर्थ. पण १३+ मिळालं ते रक्तामुळे, शिव्यांमुळे की प्रणयामुळे, हे तिकिटाच्या ॲपवरच्या त्या अक्षरांवरून कळत नाही. आणि तुमच्या घरातला वाद नेमका त्यावरच आहे.

तेव्हा एकदा कागद घेऊन बसा. प्रत्येकाने नको असलेल्या तीनच गोष्टी लिहायच्या. दहा लिहिल्या तर काहीच बघता येणार नाही. मग प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारा : ती पडद्यावर दिसलेली नको, की तिचा नुसता उल्लेखही नको? आणि दिसली, तर चित्रपट कुणाच्या बाजूने उभा आहे याने फरक पडतो का?

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. मुलीचंच बघा. मारहाण दिसलेलीच नको असेल, तर घरगुती हिंसाचारावरचे चांगले, गंभीर चित्रपटही बाद होतात. पण मारणारा नायक म्हणून मिरवलेला नको असेल, तर ते चित्रपट चालतील आणि कानाखाली वाजवण्यालाच प्रेम म्हणणारे मसालापट बाद होतील. या दोन अगदी वेगळ्या मर्यादा आहेत. घरात मात्र दोन्हींना ‘मला असलं आवडत नाही’ हे एकच वाक्य वापरलं जातं. ‘बँडिट क्वीन’च्या १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला होता. त्यातली नग्नता वासना चाळवण्यासाठी नाही, तर अत्याचार करणाऱ्यांबद्दल घृणा वाटावी म्हणून आहे, असं म्हणत चित्रपटाचं ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र न्यायालयाने कायम ठेवलं. अर्थात न्यायालयाला पटलं म्हणून सासूबाईंनी बघितलंच पाहिजे असं नाही.

यादी झाली की चित्रपट तपासायचा. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर ‘पॅरेंट्स गाइड’ नावाचं पान असतं. त्यात नग्नता, हिंसा, शिवीगाळ, व्यसनं आणि भीतिदायक दृश्यं असे पाच कप्पे आहेत. ते प्रेक्षकच भरतात, त्यामुळे शुक्रवारी सकाळी ते बहुधा रिकामं सापडतं. दोन-तीन दिवस थांबा. दुसरी जागा फार कुणाला ठाऊक नसते. आपला चित्रपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला की तिथलं मंडळ, बीबीएफसी, त्यालाही प्रमाणपत्र देतं आणि काय दिसतं, किती वेळ, किती ठळक, हे संकेतस्थळावर चार ओळींत लिहितं. तिथे झालेली कापाकापी वेगळी असू शकते, हे मात्र ध्यानात ठेवा. ट्रेलरवर विसंबू नका; त्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि तो मुद्दाम साफसूफ केलेला असतो.

देवाधर्माच्या चेष्टेसाठी मात्र या पाच कप्प्यांत जागा नाही. त्यासाठी चित्रपट पाहून आलेल्या कुणाला तरी विचारावं लागतं आणि तेही नेमकं : ‘विनोद देवावर आहे की भोंदू बाबावर?’ ‘चांगला आहे का?’ विचाराल तर ‘हो, मस्त आहे’ एवढंच उत्तर येईल.

एवढं करूनही अंदाज चुकतोच. म्हणून ज्याला उठावंसं वाटेल त्याला कडेची खुर्ची द्या. उत्तरार्धात सहसा रक्त वाढतं, तेव्हा राहायचं की जायचं हे मध्यंतरात चहा घेतानाच ठरवून टाका.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची आहे. आम्ही सोबत असलो तर ‘ए’ चित्रपटाला सोडतात का? (पुणे)

उत्तर : नाही. ‘ए’ म्हणजे १८ पूर्ण. आईवडील सोबत असले तरी सवलत नाही. दारावर अडवणारा माणूस तुमच्यावर उपकार किंवा अन्याय करत नसतो. त्याने सोडलं तर कायद्याने चित्रपटगृह अडचणीत येतं. ‘यूए’चं उलट आहे. त्यावरचं वय पालकांच्या विचारासाठी असतं, तो निर्णय चित्रपटगृहाने घ्यायचा नसतो. तिकिटं काढण्याआधी अक्षर बघा. नंतर पैसे परत मिळतीलच असं नाही.

प्रश्न : थिएटरमध्ये पाहिलेलाच चित्रपट ओटीटीवर मुलांना लावून दिला, तर त्यात शिव्या जास्त निघाल्या. हे कसं? (मडगाव)

उत्तर : ओटीटीवरचं वर्गीकरण सेन्सॉर बोर्ड करत नाही. २०२१च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच वयोगट ठरवते, त्यामुळे कधीकधी न कापलेली आवृत्तीही तिथे येते. टीव्हीचं उलट : तिथे ‘ए’ चित्रपट कापून, नवं प्रमाणपत्र घेऊनच दाखवता येतो. म्हणजे एकाच नावाचे तीन वेगवेगळे ऐवज असू शकतात आणि प्रत्येक वेळी नव्याने तपासावं लागतं. ओटीटीवर एक सोय बरी आहे : वयाशेजारी हिंसा, भाषा वगैरे कारणही लिहिलेलं असतं.

कुलूप लावताना हमखास होणारी चूक म्हणजे मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालायची आणि स्वतःचं प्रोफाइल उघडं सोडायचं. मूल तुमच्या नावावर बोट ठेवतं, झालं. नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून खात्यात जा, आपलं प्रोफाइल निवडा आणि ‘प्रोफाइल लॉक’मध्ये चार अंकी पिन घाला. घरात प्रत्येकाला पाठ असलेलं जन्मसाल नको. एखादाच चित्रपट नको असेल तर मुलांच्या प्रोफाइलमध्ये नावानेही रोखता येतो.

प्रश्न : माणसं मेलेली चालतात, जनावराला मारलेलं बघवत नाही. हसू नका. (नाशिक)

उत्तर : यात हसण्यासारखं काय? भारतीय चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. घोडा कोसळताना पडद्याच्या कोपऱ्यात ‘सीजीआय’ अशी बारीक अक्षरं दिसली, तर ती करामत संगणकाची आहे असं समजा. पण त्यामुळे दृश्य बघवतंच असं नाही. ‘डझ द डॉग डाय’ हे संकेतस्थळ खास याच प्रश्नासाठी सुरू झालं. चित्रपटाचं नाव टाकलं की कुत्रा मरतो का, याला हो-नाहीची मतं दिसतात. इंग्रजी चित्रपटांसाठी ते उत्तम आहे, मराठीसाठी फारसं उपयोगाचं नाही.