व्हेंटिलेटर निघाला, शुद्ध आली, पण वडिलांचे हातपाय उचलत नाहीत. लकवा मारला का?

तुम्ही लिहिलंय की न्यूमोनियामुळे वडील 3 आठवडे व्हेंटिलेटरवर होते, आता सगळ्यांना ओळखतात पण चमचा तोंडापर्यंत जात नाही आणि नातेवाईक लकवा लकवा करतायत. मी नाशिकलाच फिजिओथेरपिस्ट आहे, आयसीयूतच जास्त काम असतं, असे पेशंट कायम बघते. लकव्यात बहुतेक वेळा एकच बाजू जाते, तोंड वाकडं होतं. तुम्ही सांगताय त्यात दोन्ही बाजू सारख्याच गळाल्यात, खांदे आणि मांड्या जास्त, चेहरा ठीक, म्हणजे आयसीयूतला वीकनेस असण्याची शक्यता जास्त. तरी न्यूरोच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, मी इथे बसून पेशंट तपासू शकत नाही.

होतं काय, की इन्फेक्शन अंगभर पसरलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं, त्यात वाढलेली शुगर, झोपेची औषधं, नुसतं पडून राहणं, कधी स्टिरॉइड, आणि बऱ्याच जणांच्या नसाही (रक्ताच्या नव्हे, स्नायूंना हुकूम देणाऱ्या) खराब होतात. 2013 च्या एका अभ्यासात 10 दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू जवळपास 18 टक्के बारीक झालेला दिसला. श्वासाचा पडदा (छाती आणि पोटाच्या मधला स्नायू) तर त्याहून नाजूक, मशीनच सगळा श्वास देत असेल तर 3 दिवसांच्या आतच त्याचे तंतू बारीक व्हायला लागतात. म्हणून एक्सरे साफ आला तरी काहींचं मशीन लवकर सुटत नाही, आणि नातेवाईकांना वाटतं बिल वाढवतायत (कुठे वाढवतही असतील, पण कारण हे असू शकतं).

ताकद मोजायची पद्धत आहे. खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा, दोन्हीकडचे धरून 12 जागा, प्रत्येकी 5 पैकी मार्क, एकूण 60. 48 च्या खाली आले तर हा वीकनेस धरतात. वडिलांचे किती आले ते विचारा आणि दर आठवड्याला विचारत राहा.

माझं म्हणणं एकच, "आधी घरी नेऊ, खाऊपिऊ घालू, मग व्यायाम" असं करू नका. प्रोटीन लागतंच, पण स्नायू काम केल्याशिवाय भरत नाही. आणि काम म्हणजे फार काही नाही हो, खाटेच्या काठावर पाय सोडून बसवायचं, पायाखाली स्टूल, मागून एकाने धरायचं, मान सावरता आली तरी त्या दिवशी पुष्कळ झालं. निफाडकडचे एक द्राक्षवाले काका होते, स्पंजचा बॉल दाबायला सांगितला की चिडायचे, शेवटी मुलाने छाटणीची कात्री आणली, तिची स्प्रिंग काढून हातात दिली तर तासभर उघडझाक करत बसले. फक्त जबरदस्ती नको. 2022 मध्ये एक मोठी ट्रायल आली, व्हेंटिलेटरवर असतानाच नेहमीपेक्षा जास्त व्यायाम दिलेल्यांना वेगळा फायदा दिसला नाही, उलट बीपी-ऑक्सिजनचे त्रास वाढले. त्यामुळे डोस फिजिओ आणि डॉक्टर ठरवतील.

एक मात्र कराच, सिस्टरला न विचारता चहा-पाणी पाजू नका. व्हेंटिलेटरची नळी घशात बरेच दिवस असली की गिळायचे स्नायूही ढिले पडतात, पातळ पदार्थ श्वासनलिकेत जातो आणि परत न्यूमोनिया. आमच्याकडे डबा घेऊन आलेली मंडळी गुपचूप दोन घोट पाजतात, हात जोडून सांगते, नका करू.

बरं व्हायला महिने लागतात. नुसते स्नायू गेले असतील तर लवकर भरतात, नसा गेल्या असतील तर वेळ लागतो आणि काहींना थोडी कसर राहतेच. डिस्चार्जच्या आधी हात टेकायची सोय असलेली कमोड खुर्ची घेऊन ठेवा, खाली बसायच्या संडासातून त्यांना उठता येणार नाही. पाऊल लोंबतंय असं वाटलं तर स्प्लिंटचं (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) विचारा. आणि आडवं झाल्यावर धाप लागली किंवा अचानक एकच बाजू लुळी पडली तर ओपीडीची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.