डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांनी खेळायचा भूमिकाखेळ) 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनवरूनच आलंय ना? मग जुन्या मोड्यूल्समध्ये, म्हणजे खेळायच्या तयार साहसांमध्ये, एवढा विचित्रपणा कसा?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक हा वरचा, आणि दुसरा म्हणजे नव्या ग्रुपसोबत जुन्यांपैकी कुठलं मोड्यूल खेळावं. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिल्यापायी माझी एका मित्राशी वर्षभर बोलचाल बंद होती, त्यामुळे जरा लांबेल.

कोथरूडमधला भाड्याचा फ्लॅट, शनिवारची रात्र. चौघं खेळायला आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी. मोड्यूल होतं टॉम मोल्डवेचं 1981 सालचं 'कॅसल अँबर'. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, झोपेतून जागी होते ती एका भल्यामोठ्या वाड्यात. बाहेर जीवघेणं धुकं, आत अँबर खानदान, एकजात चक्रम. वाड्यात जेवणाचं दालन आहे आणि तिथे भुतांची पंगत बसलेली आहे. तुम्ही पानावर बसू शकता. एखादा पदार्थ लाभतो, एखादा बाधतो, आणि कुठला कसा हे खाल्ल्याशिवाय कळायला मार्ग नाही. वातावरणनिर्मिती म्हणून मी समोर बाकरवडीची पुडी फोडून ठेवली होती.

आमच्या या मित्राचा जादूगार पाचव्या लेव्हलचा. दीड वर्ष जपलेला. कॅरेक्टर शीटवर हिट पॉइंट्सच्या (जीव किती उरला त्या आकड्याच्या) जागी खोडून खोडून भोक पडलं होतं, खालून सेलोटेप लावलेली. तो जेवला, सेव्हचा, म्हणजे बचावाचा, फासा टाकला, पडले 3. जादूगाराला जे व्हायचं ते झालं.

"याला काही लॉजिक आहे का?" तो उठलाच. "नकाशा नाही, राजा नाही, शत्रू कोण ते माहीत नाही. नुसती वेड्यांची जत्रा! टॉल्किनमध्ये असलं काही नसतं. हा खेळ टॉल्किनचा आहे, तू त्याचा पार विचका केलास." बाकरवडी मात्र मूठभर घेऊन गेला.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो.

1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड' या नियमपुस्तकाच्या मागे गॅरी गायगॅक्सने, म्हणजे खेळाच्या जनकांपैकी एकाने, आपल्या आवडत्या पुस्तकांची यादी दिली आहे, परिशिष्ट एन. तिच्यात टॉल्किन आहे. पण शेवटी खेळावर सगळ्यात थेट परिणाम कोणाचा हे सांगताना तो नावं घेतो ती डी कॅम्प आणि प्रॅट, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट आणि ए. मेरिट यांची. टॉल्किन तिथे नाही! यातले बरेचसे लोक 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त मासिकांतून लिहिणारे किंवा त्याच वळणाचे. त्यांच्या गोष्टीत जग वाचवायचं नसतं. दोन भामटे कुठल्यातरी पडक्या देवळात सोनं चोरायला शिरतात आणि आत जे असतं त्याला नाव नसतं. हे डंजन, म्हणजे खेळातलं भुयार, नाही तर दुसरं काय?

आणि ज्या जादूगारासाठी साहेब उठून गेले, तो तरी टॉल्किनचा आहे का? सकाळी मंत्र पाठ करायचा, एकदा म्हटला की डोक्यातून साफ पुसला जायचा, ही पद्धत व्हान्सच्या 1950 च्या पुस्तकातली. गँडाल्फ कधी पोथी उघडून घोकंपट्टी करताना दिसलाय? ट्रोलचंही तेच. टॉल्किनचा ट्रोल उन्हात दगड होतो. तोडला तरी पुन्हा जुळून येणारा, ज्याला जाळावंच लागतं, तो लेखक पोल अँडरसनचा.

राहता राहिली वेड्यांची जत्रा. 'कॅसल अँबर'मध्ये वाड्यातून दार उघडतं ते थेट अ‍ॅव्हरोनमध्ये. मध्ययुगीन फ्रान्समधला हा काल्पनिक प्रांत क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथने 'वीअर्ड टेल्स'मधल्या कथांसाठी रचला. त्याच्या 1934 च्या एका कथेत एक मांत्रिक आजूबाजूच्या कबरींतली ताजी मढी उठवून आपल्या किल्ल्याकडे चालवत आणतो आणि ती सगळी एकत्र करून एक राक्षसी देह घडवतो. तो देह मोल्डवेने मोड्यूलमध्ये सरळ आणून उभा केलाय. गंमत म्हणजे गायगॅक्सच्या यादीत स्मिथचं नावच नाही. मोल्डवेने 1981 च्या बेसिक सेटमध्ये (नवशिक्यांसाठीच्या नियमांच्या पेटीत) स्वतःची यादी दिली, तिच्यात आहे. म्हणजे लॉजिक होतं, फक्त ते नकाशाचं नव्हतं, दुःस्वप्नाचं होतं.

हे सगळं मी मागच्या वर्षी त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. उत्तर एका शब्दाचं आलं: "बॅलरॉग?"

तर तेही सांगायला हवं. खेळाच्या 1974 च्या पहिल्या पेटीत टॉल्किनचे बुटके हॉबिट, चालतीबोलती झाडं एंट आणि आगीचा राक्षस बॅलरॉग अगदी नावानिशी होते. टॉल्किनच्या हक्कांवरून कायद्याचा बडगा आला तेव्हा हॉबिटचे हाफलिंग झाले आणि एंटचे ट्रेंट. गायगॅक्स पुढे टॉल्किनचा परिणाम वरवरचाच म्हणत राहिला, त्यात या प्रकरणाचा वाटा नसेलच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शिवाय एल्फ, ड्वार्फ घेऊन जमलेली टोळी लोकांना लगेच कळली ती टॉल्किनमुळेच. पण ते झाले खेळणारे. ते ज्या भुयारात उतरतात ते टॉल्किनचं नाही, यावर मी ठाम आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोल्डवेचंच 'द लॉस्ट सिटी' घ्या, 1982 चं, पहिल्या ते तिसऱ्या लेव्हलसाठी. वाळूत गाडलेला पिरॅमिड, आत मुखवटे घालून स्वप्नात जगणारी माणसं, तळाशी झार्गॉन नावाचा राक्षस. हॉवर्डच्या कथेतल्या नशेबाज शहराची आठवण आल्याशिवाय राहत नाही. खालचे मजले आणि शहर नुसतं आखून सोडलंय, ते तुम्ही भरा. 'एक्सपिडिशन टू द बॅरियर पीक्स' (1980) मध्ये डोंगरात अख्खं अंतराळयान आहे, रंगीत कार्डांनी दारं उघडतात, मजा येते, पण ते वरच्या लेव्हलचं. नवशिक्यांना नको.

'कॅसल अँबर' खेळलातच, तर त्या पंगतीत कोणी पानावर बसायला नको म्हणालं तर आग्रह करू नका. तो दोनदा नको म्हणाला होता. "अरे एक घास तरी घे," असं तिसऱ्यांदा मीच म्हणालो होतो.