परदेशी सेवेतली ज्येष्ठ जोडपी : किल्ल्या, पावत्या आणि प्लग

निवृत्तीनंतर धर्मसेवेसाठी परदेशी जाणाऱ्या जोडप्यांबद्दल बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चच्या ‘सीनियर कपल’ पद्धतीवर आहे, म्हणून उत्तरेही तीच धरून दिली आहेत. हे चर्च १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाले. मुख्यालय यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. बोलण्यात त्यांना मॉर्मन म्हणतात.

प्रश्न : साठीपुढचे एक अमेरिकन जोडपे छातीवर नावाची काळी पट्टी लावून दिसते. पट्टीवर ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ असते. सायकलवरून फिरणारी तरुण मुले आणि हे दोघे एकाच कामाला आलेले असतात का?

उत्तर : संस्था एक, कामे वेगळी. तरुण मुलगे २४ महिन्यांसाठी येतात, मुली १८ महिन्यांसाठी. त्यांचा दिवस साडेसहाला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपतो आणि जोडीदाराला सोडून एकट्याने फिरायचे नसते. ज्येष्ठ जोडपी ६, १२, १८ किंवा २३ महिन्यांसाठी जातात. घरी अवलंबून असलेली मुले नसावीत, ही अट. तरुणांचे काटेकोर वेळापत्रक त्यांना लागू नाही आणि दारोदार जाण्याचीही सक्ती नाही.

ती जातात मिशनचे (एका भागातल्या मिशनऱ्यांच्या कामाचे) कार्यालय सांभाळायला, लहान मंडळ्यांतल्या (चर्चच्या स्थानिक गटांतल्या) नवख्या पदाधिकाऱ्यांना हात द्यायला, मदतकार्याचे प्रकल्प बघायला, जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढायला किंवा चर्चच्या मंदिरात (‘टेंपल’) सेवा करायला. अर्ज बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक (अनेक मंडळ्यांचा गट) अध्यक्षांमार्फत जातो. सोबत डॉक्टर आणि दंतवैद्याचे तपासणी अहवाल लागतात. कुठे आणि काय आवडेल ते कळवता येते, पण नेमणूक मुख्यालयाची.

प्रश्न : खर्च कोण करतो? पगार असतो का?

उत्तर : पगार नाही, खर्च स्वतःचा. जेवण, फोन, औषधपाणी, विमा सगळे आपल्या पेन्शनमधून. घरभाड्याला मात्र मर्यादा आहे. २०११ साली ती ठरली तेव्हा महिन्याला १,४०० डॉलरपर्यंतचा भार जोडप्याने उचलायचा आणि वरचा चर्चने, असा नियम झाला. जास्त जोडप्यांना जाता यावे, म्हणून हा बदल. निघण्यापूर्वी त्या वर्षीचा आकडा आणि विमानभाडे कोणाकडे, हे दोन्ही लेखी विचारून घ्यावे. कमी महिन्यांच्या सेवेत प्रवासखर्च स्वतःवर पडू शकतो.

अंदाज चुकतो तो भाड्यात नाही, किरकोळीत : व्हिसाचे नूतनीकरण, कागदपत्रांचे प्रमाणीकरण, नातवंडांच्या वाढदिवसाची पार्सले, अचानक घरी जावे लागले तर तिकीट. या शेवटच्या बाबीसाठी दोघांच्या एकेरी तिकिटाइतकी रक्कम वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये.

प्रश्न : प्रवचने नाहीत, दारे ठोठावणे नाही, मग दिवस जातो कशात?

उत्तर : किल्ल्यांत आणि पावत्यांत. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. जो होणार तो घरीच झालेला बरा.

कार्यालयातले जोडपे सकाळी टपाल आणि पार्सले वेगळी करते. मग पासपोर्ट-व्हिसाचे रजिस्टर. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली की बरेच देश नवा परवाना देत नाहीत, म्हणून नाव लाल यादीत आठ-नऊ महिने आधीच चढवायचे. त्यानंतर भाडी, वीजबिले, तरुण मिशनऱ्यांनी पाठवलेल्या खर्चाच्या पावत्या. थर्मल कागदावरची छापील पावती उन्हात किंवा पाकिटात आठवड्यात पांढरी पडते. मुलांना ‘पावती जपून ठेवा’ सांगून उपयोग नाही, ‘दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी फोटो काढा’ हेच सांगायचे. साधारण दर सहा आठवड्यांनी तरुणांच्या बदल्या होतात. त्या आठवड्यात गाद्या, सायकली, विमानतळावरच्या अपरात्रीच्या फेऱ्या आणि कोणाची तरी हरवलेली किल्ली, हेच.

मंडळीत काम करणाऱ्या जोडप्याची गोष्ट उलटी. लोक दिवसा नोकरीवर, म्हणून भेटी संध्याकाळी. दुपार मोकळी आणि कंटाळवाणी. रविवारी दोन तासांची सभा असते. तिथे पियानो वाजवणे, वर्ग घेणे, हजेरीचे कागद भरायला शिकवणे. आपण करून मोकळे व्हायचा मोह फार होतो. पण जोडपे गेल्यावर मंडळी पुन्हा होती तिथेच येते, त्यामुळे ‘पहिल्यांदा मी, दुसऱ्यांदा दोघे, तिसऱ्यांदा तुम्ही’ हा क्रम सोडू नये.

प्रश्न : ही जोडपी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासतात म्हणे. त्यात तपासण्यासारखे काय असते?

उत्तर : सगळ्यात महत्त्वाचे काम हेच, आणि सगळ्यात हलक्यात घेतले जाणारेही. सहसा बदल्यांच्या प्रत्येक फेरीत एकदा. पसारा शेवटी बघावा, आधी जिवाला धोका काय ते.

पहिला गॅस. शेगडी आणि गॅसगिझर पेटवून ज्योत बघा. निळी आणि स्थिर असली तर ठीक. पिवळी, लवलवती असेल आणि वर काजळी धरली असेल तर ज्वलन अपुरे आहे, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत मुले झरोक्यात टॉवेल कोंबतात, म्हणून झरोक्यासमोर हात धरून हवा लागते का बघा. दोघांचेही डोके सकाळी दुखते आणि बाहेर पडल्यावर उतरते, असे कानावर आले तर गिझर तिथल्या तिथे बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, दोघांना बाहेर काढून डॉक्टरकडे न्यायचे आणि घरमालकाशी वाद नंतर घालायचा.

दुसरा अलार्म. चाचणीचे बटण दाबून आवाज आला की काम झाले असे वाटते, पण बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासते, आतला संवेदक नाही. यंत्र भिंतीवरून काढा, पाठीमागची तारीख वाचा. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा. कार्बन मोनॉक्साइडचा मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांनी. बॅटरी गायब असेल तर मुलांना रागावू नका. अलार्म शेगडीला चिकटून लावलेला असतो, अंडे तळले की बोंबलतो, मग बॅटरी निघतेच. शेगडीपासून तीनेक मीटर दूर लावला की प्रश्न मिटतो.

तिसरी किल्ली. प्रत्येक कुलपाच्या तीन : दोन मुलांकडे, एक कार्यालयात. कार्यालयातल्या किल्लीच्या बिल्ल्यावर पत्ता कधीच लिहायचा नाही, फक्त क्रमांक. पत्त्यांची यादी वेगळ्या ठिकाणी.

मग बुरशी. गादी बाहेरच्या भिंतीला टेकवलेली, कपडे खोलीतच वाळत घातलेले आणि खिडकी बंद, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की महिन्याभरात काळे ठिपके. गादी वीतभर पुढे ओढा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडायला लावा. बुरशीवर नुसता रंग फासला तर ती परत येते, आधी ओल कुठून येते ते शोधावे. न वापरलेल्या मोरीतून वास येत असेल तर तिच्या वाकड्या नळीतले पाणी आटलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो. यासाठी प्लंबर बोलावून पैसे घालवलेली उदाहरणे कमी नाहीत.

फ्रीज उघडाच. त्यात फक्त सॉसच्या बाटल्या दिसल्या तर ती मुले नीट जेवत नाहीत, आणि हे अहवालात लिहिण्यापेक्षा त्यांना शेजारी उभे करून दोन पदार्थ शिकवणे बरे.

प्रश्न : अमेरिकेतली यंत्रे तिकडे चालतात का? माझ्या ओळखीतले गृहस्थ रात्री सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारे) लावून झोपतात.

उत्तर : यंत्राच्या किंवा चार्जरच्या चिठ्ठीवर ‘इनपुट’ शब्दापुढे काय आहे, ते भिंग घेऊन वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर फक्त प्लगचा आकार बदलणारा अडॅप्टर पुरतो. आजची बहुतेक सीपॅप यंत्रे, लॅपटॉप, फोनचे चार्जर या जातीचे. नुसते ‘१२० व्होल्ट’ असेल तर ती वस्तू घरीच ठेवा.

अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. सगळे बिघडते ते इथे. १२० व्होल्टचा केस वाळवायचा ड्रायर २३० व्होल्टला लावला तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज खेचतो आणि काही सेकंदांत जळतो, सोबत इमारतीचा फ्यूज घेऊन. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण १,००० वॉटच्या मिक्सरला निदान १,५०० वॉटचा घ्यावा लागतो आणि तो विटांसारखा जड. मिक्सर, इस्त्री, ड्रायर तिकडेच घ्यावेत. विजेवर चालणारे काट्यांचे घड्याळ नेले तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ५० हर्ट्झवर ते तासाला दहा मिनिटे मागे पडते. (हे लक्षात यायला लोकांना दोन-तीन चुकलेल्या सभा लागतात.)

सीपॅपला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी लागते. ते दर गावी मिळत नाही, म्हणून पर्याय काय चालेल हे यंत्राच्या पुस्तिकेत आधीच पाहावे.

प्रश्न : मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. औषधांची सोय कशी करावी?

उत्तर : निघताना ९० दिवसांचा साठा, मूळ लेबलाच्या डब्यांत, आणि डॉक्टरांचे पत्र ज्यात ब्रँड नव्हे तर औषधाचे मूळ नाव आणि मात्रा असेल. एकच औषध देशोदेशी वेगळ्या नावाने विकले जाते. अमेरिकेत ज्याला अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात ते बाकी जगाचे पॅरासिटामॉल, आणि दोन्ही वेगवेगळी समजून एकदम घेतली तर यकृताला इजा होऊ शकते. गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून सीमाशुल्कातून जाऊ नका. काही औषधे काही देशांत चालतच नाहीत : अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधे जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाला आधी विचारावे.

इन्सुलिन हातातल्या सामानातच. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकते आणि गोठलेले टाकूनच द्यावे लागते. न उघडलेले २ ते ८ अंश सेल्सिअसला, उघडलेले बहुतेक प्रकारांत चारेक आठवडे, ३० अंशांखाली. साखरेचे मापही बदलते. अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, अनेक देशांत मिलिमोल प्रति लिटर. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की अमेरिकेतला आकडा येतो. म्हणजे नर्सने ‘सात’ म्हटले तर ते १२६. घाबरून साखर खाऊ नका.

अमेरिकेची मेडिकेअर (ज्येष्ठांची सरकारी आरोग्यविमा योजना) देशाबाहेरचा खर्च जवळजवळ देतच नाही, म्हणून वेगळा विमा अटळ. तिचा भाग ‘बी’ (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण खर्चाचा) सोडून जाणाऱ्यांना परतल्यावर दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड लागू शकतो. करमुक्त संस्थेमार्फत परदेशात निदान १२ महिन्यांची स्वयंसेवा आणि त्या काळात दुसरे आरोग्यसंरक्षण असेल तर खास नोंदणीची सवलत आहे. सहा महिन्यांना जाणाऱ्यांना ती नाही.

प्रश्न : बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर येतो. परदेशात काय करायचे?

उत्तर : नंबर बंद करू नका. सगळ्यात स्वस्त योजनेवर आणा किंवा इंटरनेटवरच्या सेवेकडे वळवा. मात्र काही बँका इंटरनेट नंबरवर ओटीपी पाठवत नाहीत. त्यामुळे वळवण्याआधी प्रत्येक बँकेत कोड देणारे अ‍ॅप चालू करून घ्यावे आणि आठवडाभर फोनचे सिम काढून सगळे व्यवहार करून पाहावेत. घरी असतानाच. मुलाला किंवा मुलीला मुखत्यारपत्र द्यावे. रिकाम्या घराबद्दल विमा कंपनीशी बोलावे, कारण घर ३० किंवा ६० दिवसांहून जास्त रिकामे राहिले तर बऱ्याच पॉलिसी नुकसान नाकारतात.

प्रश्न : हे लोक चहा-कॉफी घेत नाहीत. यजमानांना वाईट वाटत नाही?

उत्तर : दारातच, हसून, ‘आम्हाला गरम पाणी चालेल’ असे सांगावे. कप ओतून समोर आल्यावर नको म्हटले की वाईट वाटते.

प्रश्न : चाळीस वर्षे नवरा सकाळी बाहेर, बायकोचे जग वेगळे. आता चोवीस तास दोघेच. भांडणे होत नाहीत?

उत्तर : होतात, बहुतेक गाडीत. जिथे वाहतूक डावीकडून, तिथे अमेरिकन चालक वळताना दिव्याऐवजी वायपर लावतो, शेजारचा ओरडतो. पहिले दोन आठवडे एकाने चालवावे, दुसऱ्याने फक्त रस्ता सांगावा, तोही वळणाच्या आधी. आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभराचा असतो, आणि अनेक देश काही महिन्यांतच स्थानिक परवाना मागतात.

घरातला उपाय साधा : कामे वाटून घ्या, दुसऱ्याच्या कामात बोट घालू नका, आणि रोज तासभर एकेकट्याने फिरायला जा. जोडीदाराशिवाय न फिरण्याचा तरुणांचा नियम इथे आडवा येत नाही.

प्रश्न : नवे जोडपे येईपर्यंत जुने थांबते का?

उत्तर : बऱ्याचदा नाही, व्हिसा आपल्या तारखेने संपतो. म्हणून पहिल्या महिन्यापासून वही ठेवावी : कोणता घरमालक रोखच घेतो, कोणत्या खोलीचा गिझर दोनदा दाबावा लागतो, कोणत्या कार्यालयात मूळ कागदाबरोबर किती प्रती लागतात, किल्ली क्रमांक १४ कुठल्या दाराची. वही संगणकावर असली तरी एक प्रत छापून टेबलाच्या वरच्या खणात ठेवावी. नव्यांना पहिल्या दिवशी पासवर्ड मिळालेला नसतो.