पाळी पुन्हा एकवर का येते?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. ठिबकचे सहा वॉल्व्ह पाळीने उघडावेत म्हणून मी अर्दुइनो उनो (प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड) बसवला. कोडात सगळ्यात वर ‘इंट पाळी = १;’ लिहिलंय. लाईट गेली की पाळी परत १. पहिल्या वॉल्व्हखाली चिखल, सहाव्याखाली भेगा. बॅटरी जोडून पाहिली, पण रिसेटचं बटण दाबलं तरी तेच. लाईट तर होती, मग आकडा पुसला कोणी?

उत्तर : बटणाचं लिहिलंत ते बरं केलं. नाहीतर ‘लाईट गेली, रॅम पुसली’ एवढं सांगून मीही मोकळा झालो असतो.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये साठवायच्या तीन जागा आहेत : फ्लॅश ३२ केबी (इथे प्रोग्रॅम राहतो), रॅम २ केबी (चालू कामाचे आकडे, लाईट गेली की जातात), ईईप्रॉम १ केबी (इथे लिहिलेलं लाईट गेली तरी टिकतं). काम चालू असताना तुमची ‘पाळी’ रॅममधले दोन बाइट धरून असते. पण लाईट येते तेव्हा रॅममध्ये काय असेल याचा नेम नसतो. मग तो १ येतो कुठून? कंपायलरने, म्हणजे तुमचा कोड चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने, तो फ्लॅशमध्ये, प्रोग्रॅमच्या शेपटाला लिहून ठेवलेला असतो. चिप जागी झाली की तुमच्या सेटअपच्याही (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागाच्या) आधी एक छोटा कोड चालतो. तो तुम्ही लिहिलेला नसतो, परस्पर जोडला जातो. फ्लॅशमधल्या किमती तो बाइट-बाइट करून रॅममध्ये उतरवतो आणि किंमत न दिलेल्या ग्लोबल (‘पाळी’सारख्या, फंक्शनबाहेर लिहिलेल्या) व्हेरिएबलांत शून्य भरतो. (फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलांकडे तो बघत नाही, म्हणून त्यांना किंमत आपणच द्यायची.)

बटण दाबलंत तेव्हा तुमचा आकडा, समजा ४, रॅममध्ये शाबूत होता. त्यावर १ गिरवला तो याच कोडाने. आपल्याकडे थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, चिप रिसेट होते. आमच्या भुसावळच्या दुकानात अशी पॅनेलं ‘प्रोग्रॅम खराब झाला’ म्हणून येतात. प्रोग्रॅम चांगला असतो.

एखादं व्हेरिएबल रॅमच्या ‘नोइनिट’ (सुरुवातीची किंमत न भरायच्या) विभागात टाकलं, तर हा कोड त्याला हात लावत नाही. पण ते रिसेटपुरतं. लाईट गेल्यावर उपयोग नाही. शेतावर ईईप्रॉमच वापरा.

मात्र लूपमध्ये (सतत फिरत राहणाऱ्या भागात) दर फेरीला लिहू नका. ईईप्रॉमच्या प्रत्येक बाइटची हमी १ लाख वेळा लिहिण्याची. दर सेकंदाला नवा आकडा लिहिलात तर २८ तासांत हमी संपली. दर पाच मिनिटांनी झालेली मिनिटं नोंदवायचा मोह होईल. चोवीस तास चालवलं तर रोज २८८, म्हणजे वर्षाच्या आत लाख. पाळी संपली की पुढचा आकडा लिहा, बस. लिहायला ईईप्रॉमचं ‘अपडेट’ हे फंक्शन वापरा, आकडा तोच असेल तर ते लिहीतच नाही. मधेच लाईट गेली तर तोच वॉल्व्ह पुन्हा पहिल्यापासून चालेल, थोडं पाणी जास्त जाईल. मे महिन्यात एखादी पाळी हुकण्यापेक्षा ते परवडलं.

आणि सेटअपमध्ये वाचलेला आकडा १ ते ६ मध्ये नसेल तर १ धरा, कारण कोरं ईईप्रॉम २५५ सांगतं आणि २५५ नंबरचा वॉल्व्ह तुमच्याकडे नाही.