डोळे कोरडे पडतात, स्क्रीन कोणती घेऊ? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दिवसभर स्प्रेडशीट बघायचं काम आहे. दुपारनंतर डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, मधेच पाणीही येतं. डॉक्टरांनी ड्राय आय सांगितलंय. नवीन मॉनिटर घ्यायचाय, पण जो बघावा त्याच्यावर 'आय केअर' लिहिलेलं! नक्की काय बघून घेऊ?

पाणी येतं म्हणजे डोळा कोरडा नाही असं समजू नका हं, उलट कोरडा पडून चुरचुरला की डोळा घाईघाईने पाणी सोडतो, आणि ते नुसतं पाणीच असतं, अश्रू लगेच वाळू नयेत म्हणून त्यांच्यावर तेलाचा जो पातळ थर असतो तो त्यात नीट नसतो म्हणून ते टिकत नाही. मॉनिटरने हा आजार बरा होणार नाही, फक्त त्रास वाढवणारी एकदोन कारणं कमी होतील एवढीच अपेक्षा ठेवा.

स्टिकर सोडा, आधी फ्लिकर, म्हणजे उजेडाचं लुकलुकणं, बघा. ब्राइटनेस कमी करायचा तर काही स्क्रीन खरोखर प्रकाश कमी करतात, आणि काही बॅकलाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. उघड्या डोळ्यांना दिसत नाही पण काहींचं डोकं चढतं, डोळे जड होतात. गंमत म्हणजे हा प्रकार फुल ब्राइटनेसला बहुतेक नसतो आणि कमी केला की सुरू होतो, म्हणजे डोळ्यांना आराम म्हणून ब्राइटनेस खाली आणणाऱ्यालाच जास्त त्रास! दुकानात डेमो फुल ब्राइटनेसवर लावलेला असतो त्यामुळे तिथे काही कळतच नाही. तेव्हा पांढरं पान उघडा, ब्राइटनेस साधारण २० टक्क्यांवर आणा, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान करा आणि स्क्रीनकडे धरा. एलसीडी मॉनिटरवर काळे पट्टे दिसले तर दुसरा बघा.

मग अक्षर किती सुस्पष्ट ते. २७ इंची फुल एचडी घेतला तर इंचाला जेमतेम ८१ पिक्सेल पडतात, कडा फाटलेल्या दिसतात आणि माणूस नकळत डोळे बारीक करून वाचत बसतो. त्याच साईझमध्ये २५६० बाय १४४० ला १०९ पिक्सेल मिळतात आणि फोर-के ला १६३, स्प्रेडशीटवाल्यांनी इथे कंजूषी करू नये असं माझं मत. मॅट घ्या, मागच्या खिडकीचं प्रतिबिंब आकड्यांवर नाचत नाही.

आणि मॉनिटर ठेवताना वरची कड नजरेच्या पातळीला किंवा थोडी खालीच ठेवा, साधारण हातभर लांब. नजर खाली असली की वरची पापणी डोळा जास्त झाकते, उघडा भाग कमी होतो, मग वाळतोही कमी. मानेसाठी म्हणून स्टँड घेऊन स्क्रीन पार वर चढवणारे लोक मानेचं भलं करतात आणि डोळ्यांचं वाटोळं. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) असेल तर अजून खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून बघावं लागतं.

प्रश्न: ब्लू लाइटचा चष्मा घेऊ का? सगळे घेतायत.

नको. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने १७ ट्रायल्स एकत्र तपासल्या, त्यात या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीही असे चष्मे घ्यायला सांगत नाही. नाईट मोडने बरं वाटत असेल तर खुशाल वापरा, बऱ्याचदा उजेड कमी झाल्यानेच बरं वाटत असतं. पैसे वाचले तर नंबर तपासून घ्या, थोडासा चुकलेला नंबर यापेक्षा जास्त छळतो.

प्रश्न: नवीन ओएलईडी फोन घेतल्यापासून रात्री वाचलं की डोकं दुखतं आणि मळमळतं. जुन्या एलसीडीवर असं होत नव्हतं. रिफ्रेश रेट १२० हर्ट्झ आहे, मग फ्लिकर कसा?

रिफ्रेश रेट म्हणजे चित्र किती वेळा बदलतं ते, पीडब्ल्यूएम म्हणजे उजेड किती वेळा लुकलुकतो ते, दोन्ही वेगवेगळं. बरेच ओएलईडी फोन २४० किंवा ४८० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा) लुकलुकतात, काही नवे १९२० किंवा ३८४० ला, आकडा जितका मोठा तितका सहसा त्रास कमी. सगळ्यांना होत नाही, पण तुमची लक्षणं तशीच वाटतात. (वरची कॅमेऱ्याची टेस्ट ओएलईडीवर केलीत तर एखादा पट्टा सरकताना दिसणारच, तो रिफ्रेशचा असतो, घाबरू नका. जाड काळे पट्टे ओळीने दिसले तर ते पीडब्ल्यूएम.)

फोन बदलायच्या आधी ब्राइटनेसचा स्लायडर वरच ठेवा आणि उजेड सॉफ्टवेअरने कमी करा, अँड्रॉइडमध्ये 'एक्स्ट्रा डिम' आणि आयफोनमध्ये 'रिड्यूस व्हाईट पॉइंट' असतं. बॅटरी जरा जास्त जाईल. आणि अंधारात वाचू नका, खोलीत दिवा असू द्या.

प्रश्न: ई-इंक (किंडलसारखी कागदी दिसणारी स्क्रीन) मॉनिटर घेतला तर प्रश्नच मिटेल ना?

अर्धा. त्यात बॅकलाइट नसतो, खोलीतलाच उजेड परावर्तित होतो, फ्लिकर नाही, त्यामुळे लांबलचक वाचन आणि लिखाण करणाऱ्यांना खूप सुखाचा वाटतो, दासुंग आणि बूक्सचे असे मॉनिटर मिळतात. पण स्क्रोल केलं की आधीच्या अक्षरांची भुतं मागे राहतात, माऊसचा बाण अडखळतो, व्हिडिओचं नावच काढू नका आणि किंमत साध्या मॉनिटरच्या कितीतरी पट. पहिला प्रश्न विचारणाऱ्या ताईंना रंगीत सेलच्या स्प्रेडशीटसाठी मी तो सुचवणार नाही.

शिवाय पापण्यांचं काय? एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो, एकटक बघताना ते निम्म्याहून खाली येतं आणि त्यातल्या बऱ्याच अर्धवट असतात, खालच्या पापणीला टेकतच नाहीत. एकाग्रतेने कागद वाचतानाही तेच होतं, मग ई-इंक काय करणार! दर २० मिनिटांनी लांब बघा आणि तेव्हा पापण्या पूर्ण मिटून क्षणभर तशाच ठेवा.

प्रश्न: डार्क मोड चांगला का?

ॲस्टिग्मॅटिझम (चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर) असेल तर बहुतेक नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं पसरट दिसतात. पांढऱ्या पानाचा ब्राइटनेस शेजारी धरलेल्या कागदाइतका करून बघा आधी.

प्रश्न: ड्रॉप्स दिवसातून किती वेळा चालतात?

साधे ल्युब्रिकंट असतील आणि चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, बेन्झाल्कोनियम क्लोराईड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार डोळ्यात गेलं की तेच खुपायला लागतं. लाली घालवणारे ड्रॉप्स मात्र रोज नको, ते रक्तवाहिन्या आखडतात आणि सोडल्यावर डोळा आणखी लाल होतो. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवा. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर अंधुक होऊन पापणी लववूनही साफ होत नसेल तर ड्रॉप्सवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.