बेसबॉल कार्डांची नवी डिझाइनं जुन्यांच्या मानाने खरंच फिकी आहेत का?

तुमचं म्हणणं असं, की टॉप्स या कार्डं छापणाऱ्या अमेरिकन कंपनीची गेल्या आठ-दहा वर्षांतली कार्डं सगळी सारखीच दिसतात, जुनी मात्र लांबूनही ओळखू येतात. मग हा दोष डिझाइनचा की बघणाऱ्याच्या वयाचा? थोडा वयाचा आहे. सगळा नाही.

मी न्यू जर्सीत राहतो आणि ही कार्डं जमवतो. लहानपणी बिग फन च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं जमवलेली होती, त्यामुळे इकडे आल्यावर हा नाद लागायला फार वेळ लागला नाही. नवा सेट, म्हणजे त्या वर्षाची सगळी कार्डं, आला की मी एकच गोष्ट बघतो. कार्ड टेबलावर हातभर लांब ठेवायचं. खेळाडू कोण, संघ कुठला आणि साल कोणतं, हे तिथूनच कळलं पाहिजे. नाव आणि संघ लिहिलेले असतात. साल सहसा पुढच्या बाजूला नसतंच, ते चौकट, रंग आणि अक्षरांवरूनच ओळखायचं असतं. डिझाइनचं खरं काम तिथे असतं.

टॉप्सचा १९५२ चा सेट घ्या. कंपनीतल्या साय बर्गरने तो सहकारी वुडी गेलमनच्या साथीने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. खाली नावाची पट्टी, पट्टीत खेळाडूची छापील सही, बाजूला संघाचं चिन्ह. मागे आधल्या वर्षाचे आणि सबंध कारकिर्दीचे आकडे. आज डोळ्यांना साधं वाटतं, पण पुढच्या बहुतेक सगळ्यांनी हाच आराखडा उचलला. (त्यातलं गाजलेला खेळाडू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, त्यात डिझाइनपेक्षा दुर्मीळपणाचा वाटा मोठा. न खपलेला माल पुढे बर्गरनेच अटलांटिकमध्ये बुडवला होता.)

मग १९७१ ची काळी चौकट. अत्यंत गैरसोयीची. कडेचा काळा रंग जरा उडाला की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो, म्हणून त्या वर्षाची ठणठणीत कार्डं मिळणं मुश्कील. तरी कॅचर थर्मन मन्सनचं होम प्लेटवरच्या धुळीतलं ते आडवं कार्ड त्या काळ्या चौकटीत बघा, दुसरी कुठलीच चौकट त्याला शोभली नसती. १९७५ मध्ये दोन-दोन रंगांच्या चौकटी आल्या, आणि त्या रंगांचा संघाच्या गणवेशाशी काडीचा संबंध नव्हता. आज एवढा बेधडकपणा कुठल्या बैठकीत मंजूर होईल असं वाटत नाही. १९८७ चं लाकडी नक्षीचं डिझाइन तर इतकं छापलं गेलं की त्याची बहुतेक कार्डं कवडीमोलाने मिळतात, पण हातात घेतलं की साल विचारावं लागत नाही.

घोळ माझ्या मते २०१६ पासून सुरू झाला. त्या वर्षी टॉप्सने मुख्य सेटची चौकटच काढली आणि कोपऱ्यांत धूर सोडल्यासारखा परिणाम दिला. चौकट नसणं हाच गुन्हा आहे असं नाही. १९९१ च्या स्टेडियम क्लब या टॉप्सच्याच दुसऱ्या सेटलाही चौकट नव्हती आणि तो देखणा होता, कारण फोटो निवडून घेतलेले होते आणि त्यांच्यावर फारसं काही चिकटवलं नव्हतं. २०१६ नंतर फोटो कडेपर्यंत गेला आणि वर टीव्हीच्या प्रक्षेपणात दिसतात तशा पट्ट्या आल्या. २०२० ला नाव उभं छापलं, मान वाकडी करून वाचायचं. २०२१ ला पांढरी चौकट परत आली, तर नाव इतकं बारीक की चष्मा शोधा! २०२३ मात्र मला मनापासून आवडला. मोठ्या फोटोच्या खाली कोपऱ्यात खेळाडूचा छोटा चेहरा, १९६३ आणि १९८३ च्या सेटची ओळख सांगणारा, तरी त्यांची नक्कल नसलेला.

बरेच जण सगळं खापर फॅनॅटिक्स या खेळांचा माल विकणाऱ्या कंपनीवर फोडतात. मला ते पटत नाही. त्यांनी टॉप्स विकत घेतली जानेवारी २०२२ मध्ये. धुराचे कोपरे आणि उभी नावं त्याआधीची.

कारण धंद्याच्या रचनेत आहे. १९९३ मध्ये टॉप्सच्या फायनेस्ट सेटबरोबर रिफ्रॅक्टर, म्हणजे उजेडात इंद्रधनुष्यासारखी चमकणारी दुर्मीळ कार्डं, आली, आणि हळूहळू साधं कार्ड हे पाकिटातलं भरताड झालं. आता तोच फोटो निळा, सोनेरी, लाल, शेवटी जगात एकच प्रत, असा फिरतो. पिचर पॉल स्कीन्सच्या पदार्पणाच्या गणवेशावरचा कापडी बिल्ला लावलेलं एकमेव कार्ड २०२५ मध्ये ११ लाख डॉलरच्या वर गेलं. त्याची चौकट कशी होती यावर कोणी चकार शब्द काढला नाही. अशा बाजारात डिझाइन करणाऱ्याला रंग बदलला तरी चालेल असा साचा द्यावा लागतो, आणि कुठल्याही रंगात चालणाऱ्या साच्याला स्वतःचा रंग उरत नाही. १९७५ चा वेडेपणा इथे बसणारच नाही. चौकट परत आली तीही आमच्या प्रेमाखातर नसावी. रंगीत पॅरलल, म्हणजे त्याच कार्डाच्या वेगळ्या रंगातल्या आवृत्त्या, चौकटीवर उठून दिसतात, एवढाच माझा अंदाज.

मागच्या बाजूबद्दल एकच. २०१७ मध्ये सबंध कारकिर्दीऐवजी शेवटच्या पाचच वर्षांचे आकडे छापले आणि ट्विटर-इन्स्टाग्रामची नावं दिली. ज्या मुलाला एखाद्या म्हाताऱ्या खेळाडूचे पहिल्या वर्षाचे होमरन बघायचे होते, त्याने काय करायचं?

“मग हेरिटेज घ्या” असा सल्ला तुम्हाला कार्डं जमवणाऱ्यांकडून नक्की मिळेल. टॉप्सच्या त्या मालिकेत जुनीच डिझाइनं क्रमाने परत येतात: २००१ ला १९५२ चं, २०२४ ला १९७५ चं. कार्डं सुबक असतात, पण मी घेत नाही. आजचा खेळाडू १९७५ च्या चौकटीत बसवला की डिझाइनवरून साल ओळखायची सोयच मोडते, आणि नवीन काही काढण्याची निकड कंपनीलाही राहत नाही.

तुम्हाला नव्यातलं काही घ्यायचंच असेल तर २०२३ ची साधी कार्डं सुटी घ्या, चमकणाऱ्यांच्या मागे लागू नका. आणि १९८७ चं न फोडलेलं खोकं अजूनही बेताच्या पैशांत मिळतं. आतलं च्युइंगगम मात्र खाऊ नका, आणि त्याला चिकटलेल्या कार्डावर डाग असणार हे धरून चाला.